नज्मा सिनेमाची बाल्कनी

नज्मा सिनेमाच्या बाल्कनीत मी सत्तरी उलटेपर्यंत पाय ठेवला नव्हता. आमच्या मेंझेल हद्दादमधल्या कुठल्याच पुरुषाने ठेवला नव्हता. पुरुष चौकातल्या मोठ्या दाराने आत येत आणि खाली बसत. बायका मागच्या रंगाऱ्यांच्या गल्लीतल्या अरुंद दाराने, अंगभर गुंडाळलेल्या पांढऱ्या सफसारीचं टोक दातांत धरून, जिन्याने वर जात. वरच्या लाकडी खुर्च्यांच्या बैठका मिटून उभ्या असायच्या. बसताना त्या खाली दाबाव्या लागत आणि फळी आदळल्याचा आवाज होई. खट्. मग शेजारची, खट्. आम्ही खाली मान वर न करता ऐकायचो. रांग भरत गेली की कळायचं, बायका आल्या, आता दिवे जातील.

मी नगरपालिकेच्या वाचनालयात नोकरी केली. दुसऱ्यांनी लिहिलेलं जागच्या जागी लावून ठेवणं एवढंच मला येतं. हे लिहिताना काही मागचं पुढे झालं, तर ते माझ्या हाताला सवय नाही म्हणून.

सिनेमा बंद पडून एक पिढी लोटली होती. मग स्फाक्स शहराचा नवा हमरस्ता गावाला वळसा घालून गेला आणि गावाचा जीव उठून त्याच्या कडेला जाऊन बसला. बँक तिकडे, दवाखाना तिकडे, लग्नांचे काचेचे हॉल तिकडे. जुन्या चौकात उरलं लसादचं कॉफीघर, एक न्हावी, मशीद, आणि कबुतरांनी भरलेला नज्मा. संध्याकाळी चौक ओलांडताना आपल्याच चपला ऐकू यायच्या.

लसाद कधी गप्प बसला नाही, आणि त्याने दुसऱ्यालाही बसू दिलं नाही. जुन्या इमारतींसाठी राजधानीतून मदत मिळते असं कुठूनतरी कळल्यावर त्याने आम्हा सगळ्यांना कॉफीघरात गोळा केलं.

"आधी सांगावं लागेल, की तिथे करणार काय," तो म्हणाला. "सिनेमा नको. सिनेमा आता प्रत्येकाच्या खिशात आहे."

"व्यायामशाळा काढा," न्हावी म्हणाला.

"कोण येणार? तू? तुला हुक्क्याची नळी उचलताना धाप लागते."

"मग सुपरमार्केट."

"म्हणजे उरलेली चार दुकानंही झोपली. पुढे? सी हेदी, तुम्ही एवढी पुस्तकं वाचता, बोला की! तुमच्या पेल्यातला चहा एकवेळ बोलेल, पण तुम्ही नाही."

'सी' आमच्याकडे मान देऊन म्हणतात, पण सगळे माझ्याकडे पाहू लागले की माझ्या कानांत दडे बसतात. मी पेल्यातल्या चिलगोज्यांकडे बघत म्हणालो, "लग्नं."

"कुणाचं? तुमचं?" हशा झाला.

"गावाची लग्नं. ती हमरस्त्यावर गेली, तेव्हा त्यांच्या मागोमाग बाकीचं गेलं. मकरूदची मिठाई करणारा गेला, नवरी सजवणारी गेली, कापडवाला गेला, वाजंत्री गेले. लग्नं परत आणली तर कदाचित... मला नक्की माहीत नाही."

लसादने टेबलावर इतक्या जोरात हात मारला की पेले नाचले. "हा माणूस इतकी वर्षं कोपऱ्यात बसून हे दाबून बसला होता!"

त्या दिवशी घरी जाताना मी चौकाच्या मधोमध चाललो. एरवी मी भिंतीच्या कडेने चालतो.

घर माझ्या थोरल्या बहिणीचं, मन्नूबियाचं. मी लग्न केलं नाही. ती विधवा झाल्यापासून आम्ही एकत्र राहतो. तिची नात शैमा आमच्याचकडे वाढली. आई-वडील परदेशात, मार्सेयला, वर्षाकाठी एकदा यायचे. लहानपणी ती माझ्या मांडीवर बसून पुस्तकांची पानं चाटायची आणि जरा मोठी झाल्यावर ती वाचू लागली. तिचं लग्न ठरलं होतं, उन्हाळ्याच्या अखेरीला. आता ते नज्मामध्ये होणार, हे तिने मला विचारलंही नाही, गृहीतच धरलं.

मदत मंजूर झाली. राजधानीतून अनीस नावाचा तरुण इंजिनियर आला. खालच्या खुर्च्या काढल्या, उतरती जमीन सपाट केली, छत दुरुस्त केलं, कबुतरांना घालवलं. अनीस कामाचा मुलगा होता, कमी बोलायचा. बाल्कनीवर त्याने वाळूची पोती रचून मोजमाप घेतलं आणि मग लसादला आणि मला बोलावलं.

"खाली हवे तेवढे लोक नाचवा," तो म्हणाला. "वर मात्र नाही. वर जुन्या खुर्च्या तशाच ठेवू, सिनेमाचं जुनं यंत्र ठेवू, आतून एक छोटा जिना करू. मोजकेच लोक वर येतील, बघतील, उतरतील. बाकी वेळ दोरी लावून ठेवा. समुद्राच्या हवेने आतलं लोखंड खाल्लंय."

"वर कोण जातंय?" लसाद म्हणाला. "खाली नव्या खुर्च्या आहेत, गाद्यांच्या."

मलाही ते पटलं. आम्ही तिघेही पुरुष होतो.

पहिलं लग्न न्हाव्याच्या मुलीचं ठरलं. आमच्याकडे हिनाचा, म्हणजे मेंदीचा, दिवस बायकांचा असतो. असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या, नमाजानंतर नवरीला मिरवत आणतात आणि आत एकही पुरुष नसतो. त्याच्या आदल्या आठवड्यात मन्नूबियाच्या अंगणात शेजारणी मकरूद वळायला बसल्या होत्या. मी जिन्याखाली पुस्तक घेऊन बसलो होतो. मी तिथे असतो हे बायका विसरतात.

"आपण वर मधली रांग धरू," मन्नूबिया म्हणाली. "तिथून सगळं दिसतं."

"वर बसायचं नाहीये, लल्ला," मी म्हणालो. थोरल्या बहिणीला मी आजही लल्लाच म्हणतो. "दोरी लावली आहे."

"दोरी? बकऱ्या आहोत का आम्ही?"

हसू पसरलं. शेजारची दलेंदा खजुराच्या सारणाचे हात वर धरून म्हणाली, "मग काय खाली बसू? सगळ्या चौकाला पाय दाखवत? आई वर बसली, आजी वर बसली. आणि झोका? खाली झोका कुठून मिळणार?"

त्यावर त्या म्हाताऱ्या ज्या तऱ्हेने हसल्या, तसं मी त्यांना कधी हसताना पाहिलं नव्हतं. शाळेतल्या मुलींसारख्या, खांद्याला खांदा लावून.

"कसला झोका?" मी विचारलं.

दलेंदाने मन्नूबियाला कोपराने ढोसलं.

"सांग त्याला," दलेंदा म्हणाली. "ज्यांची भीती होती ते सगळे कबरीत पोचले."

मन्नूबियाने हातातला गोळा परातीत ठेवला. "गाणं लागलं की आम्ही पायाने ताल धरायचो. सगळ्या, एकदम. दोन-तीन कडवी झाली की बाल्कनी हलायला लागायची. वर-खाली, वर-खाली, होडीसारखी. पोटात खड्डा पडायचा. काय मजा यायची!"

"आणि तुम्ही कुणाला सांगितलं नाही?"

"कुणाला सांगायचं? बाबांना? दुसऱ्या दिवशी आमचा सिनेमा बंद झाला असता. मग आम्हाला राहिलं काय? हम्माम आणि कब्रस्तान."

"मीमा, मला पण झोका!" शैमाने आजीच्या गळ्यात हात टाकले. "माझ्या हिनाला सगळ्यांनी मिळून, हं!"

मी पुस्तक मिटलं. कुठलं पान होतं ते बघायचंही राहिलं.

लसादला सांगितलं तर तो म्हणाला, "बायकांच्या गप्पा." पण मी तिथून हललो नाही, म्हणून त्याने अनीसला फोन लावून माझ्या हातात दिला. मी अडखळत सगळं सांगितलं. बाल्कनी किती हलायची, ते त्याने दोनदा विचारलं.

"तेव्हा लोखंड नवं होतं," मग तो म्हणाला. "दोरी पुरणार नाही. गल्लीतल्या दाराला कुलूप घाला."

लसादने कुलूप घातलं. चांगलं मोठं, पितळी. मी हाताने ओढून पाहिलं. तरी काहीतरी सुटलं होतं, आणि काय ते मला मिरवणुकीच्या दिवशी कळलं.

बायका गल्लीतूनच आल्या. कुणी ठरवलं नव्हतं, पाय तिकडेच वळले. पुढे दरबुक्याची ढोलकी, मध्ये हिरव्या रेशमात झाकलेली नवरी, आजूबाजूला जिभा हलवत काढलेल्या किलकाऱ्या. दार बंद पाहून ताल तुटला. किलकाऱ्या थांबल्या. आमच्याकडे निघालेली नवरी मागे फिरत नाही, आणि बंद दारावरून तर नाहीच. तशी फिरली तर तिचा संसार उभा राहत नाही, असं मानतात. कोण मानत नाही ते मला तरी माहीत नाही. न्हाव्याची बायको छाती पिटायच्या बेतात होती, आणि लसाद किल्ली घेऊन धावत सुटला होता.

"लसाद, नको!"

"नवरीला परत पाठवू? ते पाप माझ्या डोक्यावर घेऊ? तुम्ही घ्या, सी हेदी, तुम्हाला मुलंबाळं नाहीत!"

मी चौकाकडून आत गेलो, आतल्या नव्या जिन्याने चढलो आणि आयुष्यात पहिल्यांदा बाल्कनीत उभा राहिलो. मिटलेल्या खुर्च्यांच्या रांगा, भिंतीवर हिनाच्या हातांचे जुने ठसे, कुणाकुणाची कोरलेली नावं. एवढंच बघायला वेळ मिळाला. गल्लीच्या जिन्यावर पावलं वाजू लागली होती. मी जिन्याच्या डोक्यावर जाऊन वाट अडवली.

नवरीच्या मागे चेहरेच चेहरे होते, आणि सगळे माझ्याकडे पाहत होते.  मग वळून पाहिलं तर पलीकडचा नवा जिना दिसला.

"मागे फिरायचं नाही," मी म्हणालो. "थांबायचंही नाही. पुढेच जायचं. इथून आत, रांगेच्या मधून, आणि त्या जिन्याने खाली हॉलमध्ये. थोड्या थोड्या जणी. वाजवायचं नाही."

"वाजवायचं का नाही?" मागून कुणीतरी ओरडलं.

"पुढेच चाललीये ना नवरी?" मन्नूबिया गर्दीतून म्हणाली. "मग गप्प चला. म्हातारा लाजेने मरायला टेकलाय, दिसत नाही का?"

त्या हसत गेल्या. मी कठड्याला धरून उभा होतो. पाच-सहा जणी पलीकडे उतरल्या की पुढच्यांना सोडत होतो. पायाखालून काहीतरी सरकत होतं, झोपलेल्या जनावराच्या श्वासासारखं. की तो माझाच भास होता, मी सांगू शकत नाही.

मन्नूबिया सगळ्यांत शेवटी आली. मधल्या रांगेपाशी, तिच्या जुन्या जागेवर, ती थांबली. मी नको म्हणेपर्यंत तिने टाच उचलून दोनदा आपटली.

आधी काहीच झालं नाही. मग, जरा उशिराने, पायाखालून बाल्कनीचं उत्तर आलं. खालून कुणीतरी पांढरी धूळ पडल्याची तक्रार केली.

मन्नूबियाचं हसू जागच्या जागी राहिलं, डोळ्यांतून मात्र गेलं. "असं नव्हतं ते," ती हळू म्हणाली.

"म्हणजे?"

"तेव्हा वर उचलून घ्यायची. आता नुसती खाली जाते."

त्यानंतर ती कधीही बाल्कनीत गेली नाही. प्रत्येक लग्नात ती चौकाकडून, पुरुषांच्या दाराने येई आणि गुडघ्यांचं निमित्त सांगे.

मला वाटलं होतं, एका दिवसापुरती मी तोड काढली. पण न्हाव्याच्या जावयाचा कॅनडाचा व्हिसा महिनाभरात आला, आणि तो नवरी वरून नेल्याचाच गुण, असं गावाने ठरवलं. पुढच्या नवरीच्या आईने लसादला बजावलं, आमचीही वरून जायला हवी. त्याच्या पुढचीनेही. मन्नूबियाने टाच आपटलेली जिना उतरणाऱ्या दोघींनी वळून पाहिली होती; मग प्रत्येक नवरी मधल्या रांगेपाशी थांबून दोनदा टाच आपटू लागली. ही आपली जुनीच रीत आहे, असं माझ्यासमोर एका बाईने दुसरीला सांगितलं. लसादने दारावर कमान बांधली आणि तिला दिवे लावले. माझ्याकडे दोन्ही दारांच्या किल्ल्या आल्या. सी हेदी वर उभे राहिल्याशिवाय मिरवणूक निघेना. नवऱ्या माझ्या हाताला हात लावून पुढे जाऊ लागल्या. मी अनीसला कळवत होतो. तो म्हणे, "कमी लोक, नाच नाही, एवढं सांभाळा," आणि परत येऊन बघतो म्हणे. त्याला दुसऱ्या गावांची कामं होती.

आणि चौक खरंच उठला. मकरूदवाला परत आला. नवरी सजवणारीने जुनं दुकान उघडलं. हमरस्त्यावरचा एक हॉल बंद पडला. शनिवारी पोरंटोरं चौकातल्या कारंज्याभोवती पळू लागली, तिथे नगरपालिकेने पुन्हा पाणी सोडलं होतं. लोक मला रस्त्यात थांबवून दुवा देत. मी खाली बघून पुढे जाई.

बाल्कनी जिथे भिंतीत शिरते तिथे एक बारीक भेग होती. पूर्वीपासूनच असेल. एका पुस्तकात वाचल्याप्रमाणे मी तिच्यावर पातळ कागदाची पट्टी आडवी चिकटवली, पिठाच्या खळीने. भेग हलली तर कागद फाटतो. दर लग्नाआधी मी वर जाऊन तो बघे. उन्हाळाभर तो अखंड होता, आणि दर वेळी मला स्वतःच्या भित्रेपणाची लाज वाटे.

शैमाच्या हिनाच्या आदल्या दिवशी सकाळी मी गेलो, तेव्हा कागद मधोमध फाटला होता. दोन्ही टोकांमध्ये बोट मावत होतं. खाली, बाल्कनीच्या सावलीत, लसादच्या माणसांनी म्हाताऱ्या बायकांसाठी गाद्यांच्या खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या आणि त्यांच्यावर पीठ चाळल्यासारखी धूळ होती.

मी अनीसला फोन केला.

"कुणालाही वर जाऊ देऊ नका," तो म्हणाला. "खालीही नको. हॉल बंद ठेवा. मी सोमवारी येतो."

लसाद कमानीवर नवे दिवे लावत होता. शिडीवरूनच त्याने ऐकून घेतलं.

"उन्हाळाभर उभी राहिली, सी हेदी. अजून एक दिवस राहील. सोमवारी तुमचा अनीस येईल, तेव्हा हवं तर खांब लावू."

"फाटलाय कागद, लसाद."

"पिठाची खळ ना? मुंग्यांनी खाल्ली असेल." मग तो खाली उतरला आणि माझ्या अगदी जवळ येऊन म्हणाला, "एकदा दार बंद केलं की बातमी तासात हमरस्त्यावर पोचेल. नज्मा पडायला आलाय म्हणून. मग परत कोण येईल? हा चौक तुम्ही उठवलात. तुम्हीच त्याला मातीत घालणार?"

 मुंग्यांचं मलाही खरं वाटू लागलं होतं.

घरी बायका शैमाच्या पावलांवर हिनाचा पहिला लेप लावत होत्या. तिने माझं बोलणं ऐकलं आणि पाय ओढून घेतला.

"सगळ्या गेल्या, बाबा हेदी. न्हाव्याची गेली, कापडवाल्याची सून गेली. सगळ्यांना तुम्हीच नेलंत. माझ्याच वेळी तुमचा कागद फाटला?"

"चौकाकडून जाता येईल का, असं—"

"तिथे हॉलही बंदच ठेवायचा म्हणताय ना? मग मी जाऊ कुठे? पाहुणे आलेत. आई-बाबा विमानातून उतरलेत."

मी मन्नूबियाकडे पाहिलं. बाल्कनी आता नुसती खाली जाते, हे तिला माहीत होतं. त्या घरात तेवढ्या एकीलाच माहीत होतं. ती नातीच्या पायाखालचं फडकं सरळ करत राहिली.

"लल्ला," मी म्हणालो, "तू सांग ना हिला."

"किल्ली तुझ्याकडे आहे ना?"

"हो. दोन्ही दारांच्या."

"मग मला काय विचारतोस?" ती म्हणाली, आणि तिने मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी असरच्या आधी मी हॉल रिकामा केला. मकरूदची ताटं लावणाऱ्या दोघी बायकांना बाहेर काढलं, खोटं बोललो, विजेचं काम आहे म्हणालो. चौकातलं मोठं दार बाहेरून लावलं. मग गल्लीतून आत शिरलो, त्या दाराला आतून कुलूप घातलं आणि जिन्याच्या सगळ्यांत खालच्या पायरीवर बसलो. सोबत पुस्तक होतं. उघडलं नाही.

दरबुका लांबूनच ऐकू आला. मग किलकाऱ्या. मग अत्तराचा वास, दाराच्या फटीतून. मग ताल तुटला.

"सी हेदी?" कुणीतरी म्हणालं. "बंद आहे की हो."

लसादचा हात दारावर पडला. "सी हेदी! उघडा. बऱ्या बोलाने उघडा. सगळं गाव उभं आहे!"

मी पायरीवरून उठलो नाही.

"बाबा हेदी." ती शैमा होती. रेशमाच्या आतून तिचा आवाज दबका येत होता. "मी दारात उभी आहे. मला परत पाठवणार आहात?"

मी उठलो. किल्ली कुलपाला लावली, हे मी लपवत नाही. कागदाच्या एका चिटोऱ्यासाठी मी हे करतोय, असं मनात आलं. मला कधी काय नक्की कळलंय? पुस्तकात वाचलेलं, तेही कुठल्या, ते आठवत नव्हतं.

बाहेर बायकांनी तळहातांनी दार वाजवायला सुरुवात केली. आधी विस्कळीत, मग एका तालात. हिनाच्या दिवसाचाच ताल. माझ्या मनगटावर काहीतरी हलकं पडलं. पांढरं. मग पुस्तकावर. जिन्याच्या वरून धूळ उतरत होती, त्याच तालात, थांबून थांबून.

"थांबा," बाहेर एक आवाज म्हणाला. "बंद करा ते हात."

ताल थांबला. धूळही थांबली.

"शैमा, मागे फिर."

बाहेर हुंदका फुटला, कुणाचा ते कळलं नाही. "लल्ला मन्नूबिया, अगं नवरी आहे ती! बंद दारावरून—"

"नवरी कोणाची नात आहे? तुझी का माझी? माझ्या अंगणातून निघाली, माझ्या अंगणात परत येईल. काही वाईट व्हायचं तर माझ्या डोक्यावर होऊ दे, म्हातारं आहे ते. लसाद, बाजूला हो. तुझ्या कमानीचे दिवे विझव आणि चौकातली माणसं लांब ने." मग दाराच्या अगदी जवळून, फक्त मला ऐकू जाईल असं: "हेदी, तूही बाहेर ये आता. उगाच बसू नकोस तिथे."

 मग रेशीम भिंतीला घासल्याचा आवाज आला आणि पावलं उलटी निघाली. कुणी किलकारी घातली नाही, कुणी वाजवलं नाही. असली मिरवणूक आमच्या गावाने ऐकली नव्हती. कुणीतरी रडत होतं, आणि ते शैमाच होतं. तिचं लहानपणापासूनचं रडणं मला ओळखता येतं.

पावलं गल्लीच्या वळणावर विरली. मी किल्ली फिरवली. दार जरा उघडलं, बाहेरचं ऊन पायरीवर पडलं. एक पाय उंबऱ्याबाहेर टाकला तेव्हा वर, अंधारात, मधल्या रांगेकडून आवाज आला.

खट्.

मी मान वर केली नाही. मग शेजारची, खट्. मग तिच्या शेजारची. बाल्कनी कलत होती तशा एकामागून एक मिटलेल्या बैठका खाली पडत होत्या, रांग भरत चालली होती, जशी बायका आल्यावर भरायची, आणि मी दाराची कडी हातात धरून तसाच उभा होतो, दिवे जायची वाट बघत.